चोपडा स्टॅण्ड, बंदोबस्त

सतरा वर्षं फौजेत, शेवटची चार राजौरीला.
आता माजी सैनिक कोट्यातून शिपाई.
दंडावरच्या तीन फिती ट्रंकेत.
पंचविशीतला फौजदार म्हणतो, "बोरसे, पाणी आणा."
आणतो.

गेल्या महिन्यात जिल्ह्यावरून नवी गाडी आली,
जाळीची, सुरुंगही सोसते म्हणे.
चोपड्यात सुरुंग कुठला.
यावल रोडला केळीच्या ट्रकांमागे अडकते
आणि ड्रायव्हर सुपडू शिव्या घालतो.

आज पोरं रस्त्यात बसलीत
लासूरची सकाळची एसटी बंद केली म्हणून.
आम्ही हेल्मेट, ढाल, छातीवर कवच.
चव्वेचाळीस अंश.

कुठेतरी सोड्याची बाटली फुटली
आणि माझा गुडघा आपोआप टेकला,
नजर छपरांवरून फिरली,
खांदा रायफलीचा दस्ता शोधू लागला.
हातात काठी.

तिथे समोरच्याला नाव नसायचं.
इथे पहिल्याच रांगेत झिपरूची हर्षाली,
जिच्या बारशाला सुट्टी मागितली होती मी
आणि मिळाली नव्हती.

दप्तरावरून वाकून ती म्हणाली,
"काका, तुमना बूटनी नाडी सुटेल शे."

अख्खी रांग हसली. फौजदारसुद्धा.
मी टेकलेलाच होतो,
बांधायला घेतली.
बोटं थरथरत होती, गाठ बसेना.

हर्षाली हसायची थांबली.
उठून तिने माझी ढाल उचलली,
उन्हाच्या बाजूने माझ्यावर धरली.
काचेसारखी ढाल,
तिची सावली ती काय पडणार.
तरी धरून राहिली.