चढलं, उतरलं

आडतीवर होतो तेव्हा पोती मोजायचो :
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
धावपट्टीच्या फाटकावर लागलो तरी हात ऐकेना.
वहीत दोन रकाने पाडले. चढलं. उतरलं.
कुणी सांगितलं नव्हतं. ऑफिसची वही वेगळी,
तिच्यात मिनिटं, तेलाचे लिटर, साहेबाची सही.
माझ्यात नुसत्या रेघा.
संध्याकाळी दोन्हीकडं सारख्या भरल्या
की मी सायकलला टांग मारायचो.

विमान म्हणजे तरी काय,
टमटमला पंख लावल्यासारखं.
दोन माणसं बसली की भरलं.
सौदागराची तस्मिया, उदगीरची,
आत जाताना म्हणायची,
"मामा, माझी रेघ जरा जाड काढा."

त्या दिवशी मास्तर खाली उभे, ती वर एकटी.
एकटीची तिसरी खेप.
पलीकडं करडई काढणीला आलेली.
बाया पहाटेच शिरतात करडईत,
दहिवर असतंय तोवर काटा मऊ असतो,
उन्हं वर आली की शेत हात लावू देत नाही.
साडेआठ वाजले होते. दहिवर उडालं होतं.

मला आवाज आला नाही.
म्हणजे, होता तो गेला.
वर बघितलं तर शाळेच्या टाकीवर विमान
आणि त्याचा पंखा दिसत होता.
चालू पंखा दिसत नसतो.

डाव्या अंगाला कललं,
विजेच्या तारा ओलांडल्या, कशा ते तिलाच माहीत,
आणि करडईत बसलं. बसलं म्हणवत नाही.
चाक बांधाला अडलं, नाक मातीत, शेपूट वर.

असा दणका झाला
की आमच्याकडं माणूस आभाळाकडं बघत नाही,
आधी भिंतीकडं बघतो.
त्र्याण्णवपासूनची सवय.
सगळी पिंपळवाडी घराबाहेर, लेकरं काखेत,
भुई हलली नाही
हे कळायलाच वेळ लागला.

बाया जवळ होत्या.
केवळाबाईनं विळा टाकला आणि धावली,
वाळल्या काट्यांतून, पोटऱ्या सोलत.
मी पोचून थिजलो. तीच ओरडली,
"उभं राहून काय बघुलालास, दार ओढ की!"
ओढलं. पेट्रोलचा वास.
तस्मिया पट्ट्यात लोंबकळलेली,
उजवा हात भलतीकडंच वळलेला.
डाव्यानं ती किल्ली बंद करत होती.
बंदच होती किल्ली.
पुन्हा पुन्हा बंद करत होती.

केवळाबाईनं डोईचं फडकं सोडलं,
तिच्या कपाळावर गच्च दाबलं
आणि मधेच विचारलं, "कुणाची गं तू?"
पोरीला काय वाटलं कोण जाणे,
तिनं विमानाचा नंबर सांगितला.

मास्तर आले ते पांढऱ्या ओठांनी.
पुढं दिल्लीची माणसं आली, टेप लावून गेली,
मला विचारलं, इंजिन नेमकं कधी बंद पडलं.
मी म्हटलं, पंखा दिसला तेव्हा.
त्यांनी ते लिहून घेतलं नाही.
केवळाबाईच्या पायातले काटे
आठ दिवस निघत होते.

त्या संध्याकाळी वही उघडली.
डावीकडं सात, उजवीकडं सहा.
आडतीवर पोतं कमी भरलं की तूट लिहितात.
पेन्सिल टेकवली.
मिटून ठेवली.

जुलैत आली ती, हातात सळई घातलेली.
ढग खाली होते, विमानं सगळी शेडमध्ये.
आत गेली नाही. फाटकाशीच बसली,
चहा घेतला, केवळाबाईचं घर विचारलं,
मग म्हणाली, "वही द्या."
डाव्या हातानं काढली, सावकाश,
जीभ दातांत धरून.

त्या तारखेचं पान अजून आहे.
चढलं कोरं.
उतरलं एक, वाकडी,
जाड.