आठचा आकडा

डायनामोच्या पोटावर एकच आकडा ठोकलेला: आठ.
त्याच्या आधीचा झिजला, की ठोकलाच नव्हता,
हे सांगायला लोखंड तयार नाही.
अठ्ठावीस, अडतीस, का अठ्ठेचाळीस?
मी दिवा खाली ओढला, भिंग पुसलं.
दौलत निनावे म्हणाले, "घाई नोको करू बाप्पा,
आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा असते.
पयले पेच पाह्य."

गड्डीगोदामला रेल्वेपुलाशेजारी टिनाची शेड,
मे महिन्याचं ऊन छपरावर हातोडीसारखं,
कूलरला नवी वाळ्याची ताटी,
आणि परातीत रॉकेल, रॉकेलमध्ये बुडालेले नट,
कुणाचं वय कुणाला माहीत नाही असे.

पेच एका खाचेचा.
म्हणजे जुना. किंवा नवा, पण जुन्या डब्यातला.
वायरीवर सुताची वीण. निनावे कोष्ट्याच्या घरातले,
डोळे मिटून बोट फिरवलं:
"कंपनीची वीण तिरपी जाते, हे सरळ हाये.
आपल्याकडंच कोनीतरी परत गुंडाळलं."
मुलाम्याची पट्टी दाराशी नेऊन उन्हात धरली.
निकेल पिवळसर दिसतं, क्रोम निळसर.
निळी निघाली. अठ्ठावीस गेला.
मग आट्यांचा गेज, दातात दात:
इंचात सव्वीस. अठ्ठावीस दात असते
तर अठ्ठेचाळीसकडे झुकलो असतो.
तरी निनावे मान हलवत राहिले.
"आटे बी म्हातारे होईपर्यंत चालवते लोकं."

गाडी छत्तीसची.
तिची नंबरप्लेट मी मागच्या आठवड्यात खरवडली,
रंगाखाली रंग, चार राज्यं निघाली एकाखाली एक.
सी.पी., मग एम.पी., मग मुंबई, मग महाराष्ट्र.
गाडी सदरच्या पुढे कधी गेली नव्हती.

म्हणजे तिन्हीपैकी कुठलाही आठ तिचा नव्हे.
धंतोलीचे डॉक्टर पिंपळखुटे सांगत आले होते,
सगळं मूळचं आहे, बाबांनी कुणाला हात लावू दिला नाही.
निनाव्यांनी डायनामो मांडीवर घेतला,
तापलेल्या पोराला घेतात तसा.
"गाडीहून लहान भाग सापडला का समजायचं,
तिथं एकदा काही मोडलं होतं
अन् घरात कोनी बोललं नाही."

डॉक्टरांचा पुतण्या हुशार.
आठाच्या उजव्या खांद्यावर वेल्डिंगचा एक थेंब,
म्हणाला, की झाला सहा. रॅलीला कोण बघतं?
पाचशेच्या दोन नोटा त्याने गेजवर ठेवल्या.
"मशीन बंद हाये," निनावे म्हणाले.
मशीन त्यांच्या मागे घूं घूं करत होती.
पुतण्याने मशीनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
नोटा उचलल्या.

तो गेल्यावर चहा आला, निम्मा बशीत.
"माहाही आठच," ते एकदम म्हणाले.
"एक जून अठ्ठेचाळीस. शाळेत घालताना
मास्तरनं ठोकला. आमच्या वर्गात
बावीस पोट्टे, बावीसही एक जूनचे.
माय म्हणे, तू झाला तेव्हा नाग नदीले पानी होतं.
आता पानी तं दरसाल राहते."

मी त्यांच्याकडे पाहिलं, सवयीनं, पेचापासून.
दंडावर देवीच्या लशीची दोन वर्तुळं,
लेथने नेलेलं करंगळीचं टोक,
खालचे दात बदललेले, चष्म्याची एक काडी
पितळी, दुसरी तांब्याच्या तारेची.
कशावरूनही काही ठरेना.
"किती निघालो?" त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, "अंदाजे."
"लिव मग तसंच. दोघांचं बी."

वहीत लिहिलं. खाली पुरावा म्हणून
आकड्यावर पातळ कागद धरून पेन्सिल घासली:
काळ्यात उठला पांढरा आठ.
कागद घाईत उलटा चिकटवला हे
गोंद वाळल्यावर लक्षात आलं.
उलटाही आठच होता. राहू दिला.