भिंग

पाषाण. तळघरातली खोली, संध्याकाळचे साडेसहा.
लेझर बंद. दिवा निवेपर्यंत हात लावायचा नाही,
ही लोणकरबाईंची शिस्त.

फवारा थेट भिंगावर कधीच नाही.
आधी मऊ कागदाच्या टोकावर,
मग एकदाच, आतून बाहेर, गोल.
"घासलंस तर ओरखडा. त्याला औषध नाही."

आज कुणीतरी तेल तसंच ठेवून गेलंय.
शंभराच्या भिंगावर चिकट थेंब,
त्यात कुणाच्या पेशी, मेलेल्या असाव्यात.
'असाव्यात'वर भागत नाही:
हातमोजे बदलले,
स्टेज जंतुनाशकाखाली दहा मिनिटं ओली ठेवली,
घड्याळ बघत उभी राहिले.

बाई निवृत्त होऊन दोन वर्षं झाली.
मोतीबिंदू काढल्यावर फोनवर म्हणाल्या,
"डॉक्टरांनी माझं भिंगच बदललं गं,
पुसायचं कसं ते विचारायचं राहिलं."