सहीचा कोंबडा

दर शुक्रवारी चार वाजता
फायलींचा गठ्ठा टेबलावर यायचा
आणि मी कोंबडे काढत सुटायचो.
बाहेर गोठलेलं तळं, त्यावर
मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोपट्या.
आत कॉफी, आणि माझं पेन.
नऊ वर्षं. महिन्याला बाराशे डॉलर वेगळे.
कागदोपत्री त्याला देखरेख म्हणत.

मग कायदा बदलला.
जानेवारीपासून लोर्ना झुपान्चिचला
माझी सही लागत नाही.
दारावर तिचंच नाव, खाली बारीक अक्षरांत
नर्स प्रॅक्टिशनर.
गाव तिला डॉक्टर म्हणतं.
ती दर वेळी दुरुस्त करते,
हे सांगायलाच हवं.

मी राजधानीला पत्र लिहिलं.
लिहिलं, की अकरा वर्षं मी औषधांची नावं घोकत नव्हतो,
साध्या दिसणाऱ्या दुखण्याला
भ्यायला शिकत होतो.
लिहिलं, की माहीत नसणं चालतं,
पण माहीत नाही हेच माहीत नसलं
तर माणूस दगावतो.
वाक्य मला आवडलं. दोनदा मोठ्याने वाचलं.
उत्तर आलं छापील. आभाराचं.

मार्चमध्ये आर्मास कांगासच्या सौनात बसलो होतो.
काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ तोच हटवतो,
पहाटे तीनपासून, सव्वीस हिवाळे.
"खांदा अजून धरलाय," म्हणाला.
"लोर्नाने मलम दिलंय. व्यायाम दिलेत.
स्टिअरिंगचं दुखणं."
मी हूं म्हटलं.
उघड्या अंगाने बसलेला डॉक्टर
फार काही विचारत नाही.

त्याने दगडांवर पाणी ओतलं.
वाफ छतापर्यंत जाऊन खाली उतरली
आणि मला दिसलं :
त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू निथळतेय
आणि डावी
कोरडी ठणठणीत.
नाकाच्या रेषेवर कुणी बांध घातलाय जणू.
डावी पापणी जराशी उतरलेली,
दुकान मिटताना अर्ध्यात सोडलेल्या शटरसारखी.

फुफ्फुसाच्या शेंड्यावर बसतं ते.
वरच्या बरगडीआड दडून
खांद्याच्या नावाने हाका मारतं.

सोमवारी मी तिच्या दारात उभा.
तोंडात पत्रातली वाक्यं तयार,
कडक इस्त्रीची.
तिने ऐकून घेतलं. फोन उचलला,
डुलुथला स्कॅनची वेळ घेतली, उद्याचीच.
आवाज कापला नाही, हात कापत होता.
मग कपाटातून फाइल काढून
माझ्यापुढे सरकवली.

पहिली भेट : नोव्हेंबर.
म्हणजे कायद्याच्या आधी.
गोल, शाळकरी अक्षर :
डावा खांदा. करंगळीला मुंग्या. तीस वर्षं सिगारेट.
छातीचा एक्स-रे काढावा का?
डॉक्टरांना विचारणे.

आणि त्याखाली
शुक्रवारचा, पंख पसरलेला
माझा कोंबडा.

"नुसतीच सही आली," ती म्हणाली,
"मला वाटलं, म्हणजे नको."

उंटावरून शेळ्या हाकणारा
निदान शेळ्यांकडे बघत तरी असेल.

पत्रातलं एकही वाक्य मी मागे घेत नाही.
अजूनही रात्री एकटी असते ती,
जवळचं मोठं हॉस्पिटल एकशेदहा मैल,
अजूनही तिला काही दिसणार नाही
जे मला दिसलं असतं,
मी बघितलं असतं तर.
त्या दिवशी मी माझा घरचा नंबर
तिच्या फोनशेजारी भिंतीवर लिहिला, पेन्सिलीने.
तिने वाचला. काही बोलली नाही.
पुसलाही नाही.

मंगळवारी आर्मासला मीच घेऊन निघालो.
हीटर त्याने पूर्ण चढवलेला.
माझ्या बाजूला त्याचा कोरडा गाल.
"खांदाच ना?" त्याने विचारलं
दोन गावं गेल्यावर.
दोन्ही कडांना बर्फाच्या भिंती, सरळसोट कापलेल्या,
मध्ये काळाभोर, स्वच्छ रस्ता.
कालच पहाटे
त्यानेच काढलेला.