सात लिंबं

लानेली गावात, वळणावरच्या तिसऱ्या घरी
एल्युनेड प्रॉसरनं शोरूममध्ये मांडलेलं अख्खं किचन
निम्म्याहून कमी भावात उचललं.
घासाघीस केलीच नाही म्हणे.
पर्स उघडून नुसती गप्प उभी राहिली,
सेल्समनच आपसूक घसरत गेला.

बसवायला मी गेलो.
भिंत काटकोनात नव्हती, कुणाची असते?
ओटा चार बोटं लांब.
म्हटलं, कापावा लागेल, मजुरी वेगळी.
म्हणाली, काप. पण तुकडा माझा,
पाव कापायला होईल.

नळाला पाणी ठाऊक नव्हतं.
ओव्हनच्या काचेमागे रंगवलेला पाव,
खणात प्लास्टिकची लिंबं.
पाच वर्षं लोक येत होते,
दारं उघडत होते, मिटत होते,
साधा चहासुद्धा कुणी केला नव्हता इथं.

जुन्या कपाटाची एक फळी
तिनं काही फेकू दिली नाही.
कडेला पेन्सिलीच्या रेघा, शेजारी आकडे,
रिस, तीन वर्षं. रिस, सात.
बारानंतर रेघ नाही.
मी विचारलं नाही.
चकचकीत नव्या दाराच्या आत ती ठोकून दिली,
बिलात धरली नाही.

संध्याकाळी तिनं लोण्यात कांदा टाकला.
पहिला वास कोऱ्या छताला जाऊन चिकटला.
"आता हे माझं झालं," ती म्हणाली.

नातवंडांना खेळायला म्हणून
लिंबं खिशात घालून मी निघालो.
दारापर्यंत आली सोडायला.
"सात होती," म्हणाली,
"मोजूनच घेतली होती मी."