डिकीतला आवाज

आधी वाटलं, सायलेन्सर असेल.
मग वाटलं, सस्पेन्शन.
वळणावर खडखड, स्पीडब्रेकरवर टण्ण,
आणि सिग्नलला थांबलं की एकदम चिडीचूप,
वर्गात बाई आल्यासारखं.
मी रेडिओ मोठा केला.
पावसाळा तसाच काढला.

मी वाघबीळला, रस्त्याच्या अलीकडे.
हेमांगी पलीकडे, सातव्या मजल्यावर.
ओट्यापाशी उभी राहिले की तिची बाल्कनी दिसते.
तिच्या चादरी मला पाठ आहेत.
तिच्या नवऱ्याचा हिरवा टॉवेल मात्र
होळीनंतर दोरीवर दिसला नाही,
टॉवेल फाटला की माणूस कुठे गेलं,
विचारायचं राहिलंय.

चरईत आम्ही समोरासमोर होतो.
गॅस बारीक करून जायचे तिच्याकडे,
भाजी करपायच्या आत परत.
कधी करपायचीही.
वाट्या इतक्या जायच्या-यायच्या
की कुठली कोणाची, ते
कोरलेल्या नावावरून बघावं लागे.

इथेही मोजली तर तीनशे पावलं.
पण मधून घोडबंदर रोड जातो.
पूल आहे चालणाऱ्यांसाठी, नाही असं नाही.
त्याच्या लिफ्टवर ‘लवकरच सुरू’ लिहिलंय,
त्यातला ‘ल’ उन्हानं गेला,
आता नुसतं ‘वकरच’.

म्हणून गाडी काढायची.
दोन मजले खाली जाऊन मग वर यायचं,
उजवीकडे जायचं असलं तरी डावीकडे वळायचं,
पातलीपाड्याला पुलाखालून यू-टर्न,
मग तेवढंच उलटं,
आणि तिच्या गेटवर तो नवा मुलगा,
‘मॅडम, व्हिजिटर पार्किंग फुल्ल.’
पंचवीस मिनिटं. शुक्रवारी पन्नास.
अळूवड्या निवतात.
मग फोनवर ठरतं,
अगं राहू दे, पुढच्या रविवारी.

शेवटी कोलशेतला भोईरांच्या गॅरेजात नेली.
त्यांनी बॉनेट उघडलंच नाही.
डिकीतली स्टेपनी उचलली
आणि तिच्या खळग्यातून
स्टीलचा एक डबा काढून माझ्यासमोर धरला.
‘बाय, गाडीला काय झालेला नाय.’

झाकणावर ‘हे. वि. राजोपाध्ये’.
भोगीची भाजी आली होती त्यातून.
रिकामा कसा द्यायचा, म्हणून
मी साखर घातली होती चमचाभर,
येता-जाता देऊ म्हणून गाडीत ठेवला होता.
आता पितृपक्ष चाललाय.
येणं-जाणं रोज झालं,
कळव्यापर्यंत, वाशीपर्यंत, एकदा पुण्यालाही
जाऊन आला तो डबा,
समोर तेवढा गेला नाही.

‘समोरच द्याचा ना?’ भोईर हात पुसत म्हणाले,
‘मंग गाडीत कशाला ठेवला?’
पन्नास रुपये घेतले. शोधायचे.

संध्याकाळी डबा पिशवीत न घालता
हातातच घेऊन निघाले.
बासष्ट पायऱ्या. विसाव्या पायरीला गुडघा बोलला.
तेव्हा लक्षात आलं,
माझ्या चपलेची उजवी टाच तेवढी झिजलीय,
पॅडलखाली टेकून टेकून.
डावी अजून दुकानातल्यासारखी.

पुलाच्या मध्यावर पोहोचले
आणि फोन वाजला.
‘अगं, तुझ्याकडेच निघालेय,’ हेमांगी म्हणाली,
‘यू-टर्नला अडकलेय. अर्धा तास झाला.
तू आहेस ना घरी?’

मी खाली बघितलं.
कापूरबावडीच्या दिशेनं लालच लाल,
दुसऱ्या बाजूनं पांढरे,
त्यातला कोणता दिवा तिचा, कसं कळणार?
कठड्यावरून हात बाहेर काढला
आणि डबा हलवला जोरात,
साखरेचा खडा झालेला,
चांगला वाजला.

खाली सगळ्यांच्या काचा वर होत्या.