सड्यावरचं पाकट

साडेसहाच्या राजापूर एस्टीने फाट्यावर सोडलं
आणि वळण घेऊन ती निघून गेली,
आमची-तिची कधी ओळखच नसल्यासारखी.
एप्रिलचा शेवटचा रविवार. तिघं आम्ही:
मी, निरुपमा, आणि तिचा भाऊ मोरेश्वर,
जो मागच्या दिवाळीत जैसलमेरला
उंटावर बसून आला होता
आणि तेव्हापासून वाळवंटाबद्दल अधिकाराने बोलत होता.

भागोजी बाणे आंब्याखाली उभा.
पायात रबरी चपला, खांद्यावर खराटा.
“पानी किती हाय?”
बाटल्या मोजल्या. मान हलवली.
ती हो होती की नाही, कळलं नाही.

घाटी चढून वर आलो आणि कोकण संपलं.
म्हणजे नारळ, पोफळी, पाटाचं पाणी,
कॅलेंडरवरचं सगळं खाली राहिलं,
देवळाबाहेर चपला राहतात तसं.
वर नुसता कातळ. वरून काळा, भाजलेला,
फुटला तिथे आतून लाल.
गवत नावापुरतं.
सावली एकच, विजेच्या खांबाची, वीतभर रुंद.
तिच्यात आम्ही एकामागे एक उभे राहिलो
रेशनच्या रांगेत राहावं तसे.

मोरेश्वर म्हणाला, “खरं वाळवंट पिवळं असतं.”
कुणी उत्तर दिलं नाही.
दहाच्या सुमारास पुढे तळं दिसलं,
त्यात झाडंसुद्धा उलटी.
जवळ गेलो तेवढंच ते मागे सरकलं,
उसने पैसे घेतलेला माणूस सरकतो तसं.
मग मोरेश्वरही गप्प झाला.

टिटवी ओरडत डोक्यावर आली.
भागोजीने हात आडवा धरला.
पुढे चार खडे. नीट पाहिलं तर चार अंडी.
ना काडी, ना पीस, ना धड खळगा.
आम्ही लांबून वळसा घातला.
तिला तो पुरेसा वाटला नाही.

बाराच्या आधी पोचलो. काहीच नव्हतं तिथे.
गोल मांडलेले चिरे, मध्ये तोच कातळ.
भागोजीने अंगण झाडावं तसं झाडून काढलं.
धूळ उडाली, बसली. तरी काही दिसेना.
मग त्याने हात पुढे केला, “बाटली द्या.”
एकच उरली होती, तीही अर्धी.
निरुपमाने माझ्याकडे पाहिलं, मी बाटलीकडे.
खोटं कशाला सांगू,
आधी मी एक घोट प्यायलो.
मोठा.

त्याने बारीक धार धरली
करंगळीएवढ्या खाचेत,
आणि पाणी धावलं, वाट पायाखालची असल्यासारखं:
एक पंख. दुसरा पंख.
लांब शेपूट, शेपटीला काटा.
पाकट.
खाडीत मिळतं तेच. बाजारात
गोणपाटावर पडलेलं असतं तेच,
इथे, समुद्रापासून दोन तास चालून वर,
पुरुषभर लांब.

“कुणी काढलं हे?” मोरेश्वरने विचारलं.
“म्हायत नाय. माझ्या बापाशीला पन म्हायत नव्हता.”
मग जरा थांबून,
“पन काढनाराला तान लागली असंल.”

तीन मिनिटं टिकलं ते. मी घड्याळ पाहिलं.
आधी शेपूट गेली, मग डावा पंख.
डोक्याजवळ एक ओला ठिपका
बराच वेळ राहिला.
मग तोही नाही.

पश्चिमेच्या टोकाशी गेलो तर खाली खराखुरा समुद्र,
आणि तोंड आणखीच कोरडं पडलं.
भागोजीने खिशातून करवंदं काढली,
मोजून प्रत्येकी सात.
चिकाने ओठ चिकटले, बोलणं तसंही उरलं नव्हतं.
खराटा त्याने मागेच ठेवला होता, एका चिऱ्याखाली,
पुढच्या रविवारसाठी.

उतरताना पहिलं घर, पहिली विहीर.
तिथल्या बाईने काही विचारलं नाही, कळशीच कलती केली.
ओंजळीत मावलं तेवढं मावलं,
बाकीचं बोटांमधून पायरीच्या जांभ्यावर गळलं.
मी पिता पिता थांबलो,
त्या ओल्या डागाकडे बघत राहिलो.
“काय आहे?” निरुपमा म्हणाली.
काही नव्हतं. पाणी सांडलं होतं नुसतं.
तरी मी पाय बाजूला घेतला.